मी बिदर म्हणालो नाही

शेजारच्या बाईंनी आपल्या घराण्याचं पुस्तक छापून घेतलं, त्याच्या शेवटच्या पानावर माझे आभार मानलेत. माझ्या नावाचं स्पेलिंग चुकू नये म्हणून त्या मुद्दाम कुंपणापाशी येऊन विचारून गेल्या होत्या. ज्यांच्या कौशल्याशिवाय आमचा पूर्वज आम्हाला सापडला नसता, असं काहीतरी लिहिलंय. पुस्तक आमच्या हॉलमध्ये टीव्हीखालच्या फळीवर असतं. बायको धूळ पुसताना ते उचलते आणि पालथं ठेवते. मी ते सुलटं करत नाही.

ते कौशल्य मला कुठून मिळालं हे मी बाईंना खोटं सांगितलं. त्याच सुमारास माझ्या धाकट्या भावाला तेच हवं होतं, त्याच्या मुलीसाठी, आणि त्याला मी ते दिलं नाही. पुतणीची मेडिकलची सीट गेली. सांगायचं एवढंच आहे. बाकी सगळा तपशील, आणि तपशील टाळण्यातच माझी हयात गेली.

मी पोरिरुआत राहतो, वेलिंग्टनच्या उत्तरेला. नोकरी नकाशांची. जमिनीखालचे पाइप कुठून कुठे जातात ते कॉम्प्युटरवर आखून ठेवायचं. शेजारच्या बाई निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. त्यांच्या फेजोआच्या झाडाची अर्धी फळं आमच्या बाजूला पडतात, त्यावरून ओळख झाली. एकदा कुंपणावरून "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करत त्यांनी विचारलं, तुम्ही नकाशांचं काम करता ना, मग मला एक सांगा. त्यांचे खापरपणजोबा बोटीने इथे आले, उत्तरेकडे जंगलात जमीन घेतली, झाडं तोडून मेंढ्या पाळल्या. इथे अशा लोकांना पायोनियर म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना आवाज जरा खाली येतो, देवघराशी आल्यासारखा. घराण्याचं संमेलन भरायचं होतं आणि बाईंकडे त्या माणसाचा एकही कागद नव्हता. ती जमीन आज ज्या कौन्सिलमध्ये येते तिथे त्यांनी विचारून पाहिलं होतं. त्यांच्या वह्यांत असं नावच नव्हतं.

मी काही शनिवार जुने नकाशे पाहण्यात घालवले. पूर्वी या देशात काउंट्या होत्या, आपल्या तालुक्यासारख्या, प्रत्येकीची स्वतःची कचेरी, स्वतःचा कर. वस्ती वाढली की एका काउंटीच्या दोन व्हायच्या. एखादं गाव मोठं झालं की ते फुटून आपला वेगळा कारभार मांडायचं. शेवटी ऐंशीच्या दशकात सरकारने सगळ्याच मोडल्या आणि मोठमोठी कौन्सिलं केली. खापरपणजोबांची जमीन जागची हलली नव्हती, पण तिच्यावरून या हद्दी कितीदा तरी सरकून गेल्या होत्या. दर वेळी काही वह्या नव्या कचेरीत गेल्या, काही जुन्याच कचेरीत राहिल्या. कुठल्या गेल्या नि कुठल्या राहिल्या, याला मला तरी काही नियम सापडला नाही.

मी बाईंना म्हणालो, "आजच्या नकाशावर शोधू नका. ते भांडायला कुठे जायचे ते आठवा."

त्या हसल्या. भांडायला?

"रस्त्यासाठी, पुलासाठी, करासाठी. माणूस जिथे भांडायला जातो तिथे त्याची कचेरी असते."

मग त्यांना आजीकडून ऐकलेली गोष्ट आठवली. म्हातारा घोड्यावर बसून डोंगरापलीकडच्या गावी जायचा आणि पुलाच्या कामावरून तिथल्या साहेबांना शिव्या घालून परत यायचा. डोंगरापलीकडे म्हणजे वेगळीच काउंटी. आज ती जमीन डोंगराच्या अलीकडच्या कौन्सिलमध्ये आहे, म्हणून बाईंनी पलीकडे पाहिलंच नव्हतं. त्यांनी टाळी वाजवली. हे तुम्हाला कसं सुचलं, म्हणाल्या. मी म्हणालो, कामाचा अनुभव.

ती युक्ती माझ्या वडिलांची आहे.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात. लातूर जिल्हा व्हायच्या आधी ते उस्मानाबादमध्ये होतं, आणि त्याच्याही आधी, निजामाच्या राज्यात, बिदरमध्ये. बिदर आता कर्नाटकात आहे. मी बारावी झालो तेव्हा इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला जातीची व्हॅलिडिटी लागणार होती. जातीचा दाखला खरा की खोटा हे तपासायला समिती असते, आणि तिला पन्नास सालच्या आधीचा पुरावा हवा असतो. म्हणजे आजोबांच्या शाळेचा उतारा, नाहीतर तसंच काही. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. रजा टाकून लातूरला गेले, उस्मानाबादला गेले, दोन्हीकडे आमच्याकडे नाही म्हणून वाटेला लावलं. मग त्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांना गाठलं. त्या वेळी आपला जिल्हा कोणता होता, असं नाही विचारलं. कोर्टाची तारीख असली की पायी कुठं जायचे, असं विचारलं. सगळे म्हणाले, बिदर.

आम्ही दोघं गेलो. भाऊ फारच लहान होता, त्याला आईपाशी ठेवलं. कचेरीतल्या कारकुनाने बासन सोडलं, उर्दूतली वही काढली, पानावरून बोट फिरवत एका जागी थांबला आणि मोठ्याने वाचलं. आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, पुढे जात. महार. खोलीत बरीच माणसं होती. काहींनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. त्यात विशेष काही नव्हतं, आवाज झाला की बघतात तसं बघितलं. वडिलांचा चेहरा मात्र फुलून आला. म्हणाले, साहेब, परत एकदा वाचता का? त्यांना काय ऐकायचं होतं ते आज कळतं. त्यांचा बाप दाराबाहेर बसून का होईना, शाळा शिकला होता, आणि ते सरकारी वहीत लिहून ठेवलेलं होतं. त्या दिवशी मला तेवढा एकच शब्द ऐकू आला, दुसऱ्यांदा, आणखी मोठ्याने. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, ह्या माणसाशी आपला संबंध नाही असा. वडिलांनी ते पाहिलं. परतीच्या गाडीत त्यांनी डबा उघडला, आधी मला दिलं, नि त्याबद्दल पुढे कधीच काही बोलले नाहीत.

त्या व्हॅलिडिटीवर मी पुण्यात शिकलो, नोकरीला लागलो, इथे आलो. आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्यावरून कुणाला काही कळत नाही. इथल्या मराठी मंडळात पुण्याचे एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. पहिल्या भेटीत मूळचे कुठले, घरी कुणाकुणाचं काय काय, असं विचारत विचारत त्यांनी माझ्याबद्दल मनाशी काहीतरी ठरवून टाकलं. मी ते खोडलं नाही. मला खोटं बोलावंही लागलं नाही, नुसतं हसावं लागलं. आम्ही बौद्ध. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे. पण इथे निम्म्या गोऱ्यांच्या बागेत बुद्ध बसलेला असतो, त्यामुळे आमचाही शोभेचा म्हणून खपून गेला. मंडळाच्या एका जेवणात काका म्हणाले होते, डॉक्टर कुठल्या कोट्यातला आहे ते विचारून मगच टेबलावर आडवं व्हावं. सगळे हसले. मीही हसलो. बायको हसली नाही, उठून मुलांना वाढायला गेली. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "तुम्हाला फार मोठ्याने हसू आलं."

ती नागपूरची. तिच्या माहेरी कुणी काही लपवत नाही. मी काय करतोय हे तिला लग्नानंतर इथे आल्यावरच कळलं, आणि तोपर्यंत तिच्याही मैत्रिणी मंडळातल्याच झाल्या होत्या. तिलाही मी यात ओढलं, हे लिहायला हवं.

भावाची मुलगी हुशार निघाली. मेडिकलला नंबर लागला. सीट मिळाली, पण व्हॅलिडिटी मुदतीत दिली तर, या अटीवर. भावाचं लातूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो कॉलेजला गेलाच नाही, त्यामुळे त्याची व्हॅलिडिटी काढायची वेळ आली नव्हती. घरात ती एकट्या माझी. त्या सर्टिफिकेटचा फोटो मी त्याला लगेच पाठवला, हे खरं. पण समितीला माझी जुनी फाइल सापडेना. त्यांना आजोबांचा मूळ उतारा पुन्हा हवा होता, आणि आम्ही दोघं सख्खे भाऊ आहोत असं वंशावळीसकट माझं प्रतिज्ञापत्र. आई-वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. वडिलांकडची प्रत घर बदलताना कुठे गेली कोण जाणे. बिदरला उतारा मिळतो हे माहीत असलेला माणूस जगात एकच उरला होता.

भावाचा फोन आला तेव्हा मी गाडी चालवत होतो आणि शेजारी काका बसले होते. मंडळाच्या मीटिंगनंतर त्यांना घरी सोडायचं माझ्याकडे असतं. पाऊस होता, मोटरवेवर गर्दी होती. गाडीने आपणहून फोन घेतला आणि भावाचा आवाज चारी बाजूंनी यायला लागला.

"दादा, ऐकू येतंय का? बाबा आन तू आजोबांचा उतारा काढायला कुठल्या हापिसात गेलतात रे? समितीचा माणूस म्हणतो, जातीचा..."

"जिल्ह्याच्या ठिकाणी," मी म्हणालो. "तिथेच असतं सगळं. तिथे बघ. नंतर बोलतो."

आणि फोन तोडला. वायपर चालू होते. काकांनी कितपत ऐकलं मला आजही माहीत नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "गावाकडचे का?"

"हो."

"जमिनीचं असेल. उतारा म्हटलं की जमीन आलीच."

"हो," मी म्हणालो.

ते खिडकीबाहेर बघत बसले. कदाचित त्यांनी सगळं ऐकलं असेल आणि मला सोडवायला जमीन काढून दिली असेल. हे मनात आलं की मला त्यांचा जास्तच राग येतो.

भावाने माझा शब्द धरला. दादा म्हणाला जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे लातूर. तो दुकान बंद ठेवून लातूरच्या कचेऱ्या फिरला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याने चार जणांना विचारून खात्री केली असती. मी सांगितलं म्हणून विचारलं नाही. आमच्याकडे धाकटा थोरल्याची खात्री करून घेत नाही.

त्या दिवशी घरी पोचल्यावर फोन करून बिदर म्हणायला हवं होतं. एवढा एक शब्द. मी आधी जेवलो. दुसऱ्या दिवशी केला असता तर काल असं का सांगितलंस, हे सांगावं लागलं असतं. त्याला कारण काय देणार? शेजारी कोण बसलं होतं ते? मग आठवडा गेला, आणि आठवड्यानंतर तर ते आणखी अवघड झालं. त्याने लिहिलं, लातूरला नाही म्हणतात, आता उस्मानाबादला जाऊन बघतो. मी अंगठा पाठवला. आपण योग्य दिशेने चाललोय असं त्याला त्या अंगठ्यावरून वाटलं असणार.

प्रतिज्ञापत्राचं तर अजून सोपं होतं. इथे जेपी असतात, कागदावर साक्षी म्हणून सही करणारे सरकारमान्य स्वयंसेवक. शनिवारी लायब्ररीत टेबल टाकून बसतात, फुकट. भावाच्या वकिलाने मसुदा पाठवला होता आणि तिथल्या जेपीची सही चालेल म्हणून कळवलं होतं. आमच्या लायब्ररीत शनिवारी त्या टेबलाशी काका बसतात. जेपी झाले तेव्हा मंडळाने त्यांचा सत्कार केला होता, आभाराचं भाषण मी केलं होतं.

तरी मी गेलो. कागद पिशवीत घालून, शनिवारी. काकांच्या समोर एक सामोअन जोडपं पासपोर्टच्या कामाला बसलं होतं. काकांनी मला पाहून हात केला, तुमचंही काही आहे का अशा अर्थाचा. मी वर बोट दाखवलं. वरच्या मजल्यावर जुन्या नोंदी पाहायच्या मशिनी आहेत आणि तिथे शेजारच्या बाई माझी वाट पाहत होत्या. मी जिना चढलो आणि बाईंच्या खापरपणजोबांच्या काउंटीची हद्द शोधत बसलो. पिशवी खुर्चीला लटकवलेली होती.

वेलिंग्टनमध्ये दुसरे जेपी आहेत. माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणजे काका हे नुसतं निमित्त. खरं असं की मसुद्यातल्या एका ओळीत माझं पूर्ण नाव आणि तो शब्द शेजारी शेजारी टाइप करायचे होते. त्या दिवशी पिशवीतून नेला तो कागदही तेवढी जागा मोकळी ठेवलेला होता, तिथे गेल्यावर पेनने भरू असं मी स्वतःला सांगितलं होतं. मी फाइल उघडायचो, नाव टाइप करायचो, आणि मग चहा करायला उठायचो.

बायको म्हणायची, "म्हातारीचा खापरपणजोबा सापडला का? सापडला की मग आपल्या पोरीचंही बघा, सवड झाली तर."

मी म्हणायचो, तुझ्या भाऊजींचं चाललंय, वेळ आहे अजून. बिदरचं मी तिलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने त्याच क्षणी फोन लावला असता.

बाईंचा म्हातारा सापडला तो दिवस नीट आठवतो. डोंगरापलीकडच्या त्या गावात एक छोटं म्युझियम आहे, मोडलेल्या काउंटीच्या वह्या तिथे येऊन पडल्या होत्या. बाईंच्या गाडीतून गेलो. वाटेत एका मराएची, म्हणजे माओरींच्या सभास्थानाची, पाटी लागली. तिच्यावर त्या खोऱ्याचं माओरी नाव होतं, काउंटीच्या एकाही नकाशात नसलेलं. त्या नकाशांत सगळं काउंटीपासूनच सुरू होतं, आधी तिथे कुणी राहतच नसल्यासारखं. मी तसं बोललो. बाई म्हणाल्या, त्यांचं त्यांच्याकडे असेल लिहिलेलं. आणि गाडी पुढे गेली.

करांच्या वहीत नाव होतं. नावापुढे सही नव्हती, फुली होती. बाई त्या फुलीकडे बघत राहिल्या, मग तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. आणखी पानं काढली. म्हाताऱ्याला दारू पिऊन गोंधळ घातल्याबद्दल दंड झालेला. एका हिवाळ्यात धर्मादाय मदतीतून पीठ आणि ब्लँकेट दिलेलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "सहीसुद्धा येत नव्हती त्याला," त्या म्हणाल्या, "आणि बघा आम्ही कुठे आहोत." म्युझियममधल्या प्रत्येकाला त्यांनी ती फुली दाखवली. संमेलनात तिचा मोठा फोटो लावला. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही तीच आहे.

माझ्या आजोबांना सही येत होती, उर्दूत. मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

परतताना बाईंनी विचारलं, तुमच्याकडे हे सगळं कोण शोधतं? माझ्या खिशात फोन थरथरत होता. उस्मानाबादहून भाऊ असणार हे मला न बघता कळत होतं.

"आमच्याकडे गरज पडत नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं."

त्यांना ते फार आवडलं. तेही पुस्तकात आहे.

फोनवर भावाचा निरोप होता. उस्मानाबादलाही नाही. मुदत आठवड्यावर आली होती. प्रतिज्ञापत्राचं काय झालं दादा, निदान तेवढं तरी पाठव, वकील म्हणतो त्याच्यावर मुदत वाढवून मागता येईल. मी लिहिलं, इथला जेपी सुट्टीवर आहे, करतो काहीतरी. त्या शनिवारी काका लायब्ररीतच होते. मी बाहेरूनच पाहिलं.

प्रतिज्ञापत्र मी शेवटी केलं, मुदत संपता संपता, वेलिंग्टनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. टेबलाशी एक अनोळखी पाकेहा, म्हणजे गोरी, बाई होती. तिने कागद वाचलाही नाही. कुठल्या पानावर सही करायची ते बघितलं आणि डोळे वर करून मला विचारलं, यात लिहिलेलं सगळं खरं आहे अशी तुम्ही ग्वाही देता का? मी म्हणालो, देतो. तिने शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. बस एवढंच होतं ते. बाहेर येऊन मी एका बाकावर बसलो आणि मला हसू यायला लागलं, चांगलं हसू नव्हे. एवढ्यासाठी.

कागद पोचला तेव्हा सीट दुसऱ्या कुणाला तरी गेलेली होती. भावाने फोन केला. मी ऐकून घ्यायच्या तयारीने बसलो होतो, पण तो चिडला नाही. "गेली दादा सीट," म्हणाला, "तू तरी काय करणार तिकडून." मग माझ्या तब्येतीची चौकशी केली. मला त्याने शिव्या द्यायला हव्या होत्या. तो माझंच समाधान करत होता आणि मी ते करून घेत होतो. म्हणालो, सरकारी कामं अशीच, जुने जिल्हे, जुन्या हद्दी, कुठे काय गेलं कुणाला माहीत.

पुतणीने बीएस्सीला नाव घातलं. वर्षभर मला तिचा एकही मेसेज आला नाही. गेल्या महिन्यात आला. एक फोटो होता, पिवळं पडलेलं पान, उर्दू अक्षरं, एका ओळीखाली पेन्सिलची बारीक रेघ. ती पुन्हा परीक्षेला बसणार आहे आणि या वेळी तिने उतारा आपला आपण शोधला. कसा, तर निजामाच्या वेळचे जिल्हे इंटरनेटवर पाहून. बापाला घेऊन बिदरला गेली. खाली लिहिलं होतं:

"मोठे पप्पा, आजोबांच्या बाबांचं सापडलं. कारकून म्हणाला हे पान आधी कुणीतरी काढून नेलंय, खूप वर्षांपूर्वी, एक बाप आणि मुलगा आले होते अशी नोंद आहे. तुम्हाला माहीत नव्हतं का?"

बायको समोर बसून भाजी निवडत होती. मी फोन तिच्या हातात दिला. तिने वाचला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. तिने फोन परत दिला आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. निवडता निवडता म्हणाली, "आता तरी जमिनीचं होतं म्हणू नका." गाडीतली ती गोष्ट मी तिला कधीतरी गंमत म्हणून सांगितली होती, काका कसे फसले म्हणून.

मी पुतणीला लिहिलं, "माहीत होतं."

तिने विचारलं, "मग?"

त्या एका शब्दाचं उत्तर फोनवर लिहिता येईना, म्हणून हे इतकं लिहिलं. मराठीत लिहिलं, कारण तिला द्यायचं आहे. शेजारच्या बाईंना हे वाचता येणार नाही. त्या काल पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीचं विचारत होत्या, आणखी काही काउंट्या बघायच्यात म्हणून. मी सध्या जमणार नाही म्हणालो. काकांना वाचता येईल. त्यांच्यासाठी आणि मंडळासाठी आमची जात वर लिहिली आहे, माझ्या आजोबांच्या नावापुढे होती तशी. त्यांना हवं तर परत एकदा वाचावी.

पुतणीला हे आधी पाठवलं. तिने वाचलं असं फोन दाखवतो. उत्तर आलेलं नाही. तिने बापाला सांगितलं की नाही तेही मला माहीत नाही. दर रविवारी भावाचा फोन यायचा. गाडीतला स्पीकर मी आता चालूच ठेवतो, शेजारी कुणीही बसलेलं असो. पण मागच्या रविवारी फोन आला नाही. आजही रविवारच आहे.